खिडकीचं माप की दांडीचं? फुलेवाडीतल्या नव्या फ्लॅटचे पडदे

फुलेवाडीची_सून

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात फुलेवाडीत नव्या फ्लॅटमध्ये राहायला येऊन तीन आठवडे झाले आणि खिडक्यांना अजून जुन्या साड्याच आहेत. हॉलच्या खिडकीला माझी अबोली नारायणपेठ कपड्यांच्या चिमट्यांनी लटकते आहे. काल लिफ्टमध्ये समोरच्या विंगमधल्या काकू म्हणाल्या, "साडी छान आहे हं तुमची." कौतुक होतं की टोमणा, अजून कळलेलं नाही. पण गौरी-गणपतीच्या आत पडदे लागायलाच हवेत.

घरात मतं तीन. सासूबाई म्हणतात, महाद्वार रोडला जाऊन तयार पडदे आणू, अर्ध्या तासाचं काम. नवरा म्हणतो ब्लाइंड लावू, धुवायची कटकट नाही. मला शिवून हवे आहेत, पण मागचा अनुभव वाईट आहे. राजारामपुरीत भाड्याने राहत होतो तेव्हा खिडकीची उंची मोजून ४८ इंच सांगितली आणि तसे पडदे शिवून आणले. लावले तेव्हाच खालून चौकट डोकावत होती. पहिल्या धुण्यानंतर तर शाळेतल्या वाढत्या पोराच्या पँटसारखे दिसायला लागले. शिवणाऱ्याला बोलायची सोय नव्हती, माप माझंच होतं.

आत्ताची मापं अशी. हॉलची खिडकी ६ बाय ४, सरकती, पश्चिमेला. बाल्कनीचा सरकता दरवाजा साडेपाच बाय ७. बेडरूमची खिडकी ४ बाय ४, पण तिच्या डाव्या चौकटीपासून ३ इंचांवर कपाट आहे, तिथे रॉड कसा बसणार देव जाणे. दुसऱ्या बेडरूमचीही ४ बाय ४, तिला काही अडचण नाही. स्वयंपाकघरात ओट्यावर ३ बाय ३. खिडक्या जमिनीपासून ३ फुटांवर सुरू होतात. रॉड अजून एकही लावलेला नाही.

सध्या आमच्या घरात कुणी "फूट" म्हटलं की नवरा मोबाइल काढून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वाचून दाखवतो. इशारा ३९ ला, धोका ४३ ला, हे त्याला झोपेतही पाठ आहे. पडद्याला कापड किती लागेल हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. कृपया मदत करा.

बिंदू_चौक

कशाला एवढा विचार करताय वहिनी. तयार पडदे तीन मापांत मिळतात, खिडकीला ५ फुटी, दाराला ७ फुटी, लांबडे ९ फुटी. रुंदी सगळ्यांची साधारण ४ फूट. ५ फुटी घ्या, रिंगा असतातच, दांडीत ओवा आणि चहा प्या. आमच्या घरात सहा वर्षं तेच आहेत. पडद्याकडं बघतंय कोण? पावसाकडं बघायचं.

बक्रम

सूनबाई, मी शिवाजी पेठेत तेवीस वर्षं पडदेच शिवतो. (आमच्याकडं बायका "शिवतो"च म्हणतात, बाहेरच्यांनी गोंधळू नये.) आधी ती खिडकीची मापं बाजूला ठेव. पडदा खिडकीला लागत नाही, दांडीला लागतो. दांडी कुठं बसणार हे ठरायच्या आधी घेतलेलं माप म्हणजे पाय न बघता शिवलेली चप्पल.

राजारामपुरीत तुझं काय झालं सांगतो. तू खिडकीची उंची सांगितलीस, शिवणाऱ्यानं तीच तयार उंची धरली. "हे खिडकीचं की पडद्याचं?" एवढं त्यानं विचारायला पाहिजे होतं. वर कापड सुती असणार आणि न भिजवता कापलं असणार. सुती कापड पहिल्या पाण्यात शंभर इंचाला तीन ते पाच इंच आत येतं. तुझ्या ४८ मधले दोन तिथंच गेले. सुती घेतलंस तर रात्रभर पाण्यात टाक, सावलीत वाळव, इस्त्री कर, मग शिवायला दे. पॉलिस्टरला ही भानगड नाही.

आता हॉल. चौकट ७२ इंच. दोन्ही बाजूंना दांडी ८-८ इंच पुढं काढायची, म्हणजे ८८. ती का काढायची ते समजून घे. एक पडदा गोळा झाला की सहा-सात इंच जागा खातो. दांडी चौकटीएवढीच ठेवली तर तो गोळा काचेवरच बसतो आणि ६ फुटांच्या खिडकीतनं ५ फुटांचाच उजेड येतो. लोक बिल्डरला शिव्या देतात, चूक दांडीची असते.

रुंदीचा हिशोब दांडीच्या दुप्पट. ८८ दुणे १७६. कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ४८ असेल तर दोन्ही कडा दुमडून तयार पडदा ४५ चा होतो. चार पडद्यांचे १८० झाले, बसलं. दीडपटीवर भागवणारे असतात, पण लावून झाला की पडदा ताणून बांधलेल्या मांडवाच्या कापडासारखा दिसतो, चुणीच पडत नाही. ५४ पन्ह्याचं घेतलंस तरी तीनात भागत नाही, चारच लागतात, चुण्या जरा जास्त पडतील एवढंच. आणि तीन पडदे दोन बाजूंना वाटणार कसे?

रिंगा मोजून घे. नेहमी सम. ४५ इंचाला आठ रिंगा, दोन्ही कडांना दीड-दीड इंच सोडून मधे सहा-सहा इंचांचं अंतर. सात किंवा नऊ बसवल्या तर पडद्याची एक कड भिंतीकडं वळते आणि दुसरी घरात तोंड काढून उभी राहते. दुकानात कुणी सांगत नाही हे.

उंची मोजायची दांडीच्या वरच्या कडेपासून. रिंगच्या वर दीड इंच कापड उभं राहतं, ते त्यात मिळवायचं. खाली, खिडकीपुरता पडदा हवा असेल तर चौकटीच्या खाली सहा इंच. जमिनीपर्यंत हवा असेल तर फरशीच्या वर अर्धा इंच, फरशीला टेकलेला नको. कापड कापताना तयार उंचीत १२ इंच वाढव. वर बक्रम (आत घालायची कडक पट्टी) आणि दुमड मिळून पाच, खाली पाच, आणि दोन इंच दुकानदाराच्या वाकड्या कात्रीचे.

आणि सगळं इंचात लिही. फूट लिहायचेच नाहीत. हे मी रडून शिकलोय. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या नवऱ्यानं चिठ्ठीवर ५.१० लिहून दिलं. त्याच्या मनात ५ फूट १० इंच, म्हणजे ७० इंच. मी पोराला कॅल्क्युलेटरवर गुणायला सांगितलं. त्या यंत्राला ५.१० आणि ५.१ एकच. आलं ६१ आणि वर थोडं. आठ पडदे नऊ-नऊ इंच आखूड! खाली गडद रंगाची पट्टी जोडून दिली, कापड माझ्या पदरचं. पुढं त्यांच्या शेजारणीनं मुद्दाम तसलेच पट्टीचे शिवून घेतले, ती गोष्ट वेगळी.

कपाटाच्या खिडकीला दांडीच्या टोकाचा लट्टू लावू नको, तोच तीन-चार इंच खातो. नुसती चपटी टोपी बसव. डावीकडं ३ इंच, उजवीकडं १२, दांडी ६३ ची. तीन पडदे, तिन्ही उजवीकडंच सरकवायचे. डावीकडं गोळा करायला जागाच नाही तर हट्ट कशाला?

ब्लाइंडबद्दल तुझ्या नवऱ्याला सांग, ओट्याच्या खिडकीला लाव खुशाल. गॅसच्या शेजारी कापड लोंबकळूच नये. पण त्याचं माप उलटं असतं. चौकटीच्या आत बसवायचं तर वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी रुंदी घे आणि सगळ्यात कमी असेल ती दे, नाहीतर अडकतं. आणि टेप लोखंडी वापर. शिंप्याची कापडी टेप जुनी झाली की ताणलेली असते, माझीसुद्धा.

ओळंबा

मावशींनी दांडी ठरवा म्हटलं, पण भोकं कुठे पाडायची ते सांगतो, मी साइटवर असतो. तुमची खिडकी ३ फुटांवर सुरू होऊन ७ फुटांवर संपते, म्हणजे ८४ इंचांवर. त्याच्या वर बहुतेक घरांत सहा इंच जाडीचा लिंटेल असतो, म्हणजे काँक्रीटची आडवी पट्टी. त्याच्या वर वीट किंवा पांढरे हलके ब्लॉक. लोक हमखास चौकटीच्या वर सहा इंचांवर खूण करतात आणि भोक नेमकं लिंटेल आणि ब्लॉकच्या सांध्यात जातं. गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकायचा प्लग) फिरत राहते, स्क्रू आवळला जात नाही आणि दोन महिन्यांत ब्रॅकेट मान टाकतो.

चार इंचांवर घ्या, पूर्ण काँक्रीटमध्ये. साध्या ड्रिलने होणार नाही, हॅमर ड्रिल लागेल. मधे सळई लागली तर जोर लावू नका, इंचभर सरका. आठ-दहा इंचांवरच हवं असेल तर हलक्या ब्लॉकला लांब गिट्टी लागते. काही इमारतींत खिडकीच्या वर थेट बीमच असतो, तिथे सगळं काँक्रीट. टकटक करून आवाजावरून कळतं. भोक पाडण्याआधी बोर्ड आणि एसीचा पॉइंट कुठे आहे ते बघा, वायरचा पाइप त्याच्या सरळ वर जातो.

८८ इंचांच्या दांडीला मधे तिसरा ब्रॅकेट लागेलच, नाहीतर पोट सुटतं. रिंगचा पडदा त्या ब्रॅकेटवरून पलीकडे जात नाही. दोन इकडे, दोन तिकडे अशी वाटणी असेल तर काही अडत नाही.

शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांचं वेगळं. मातीत बांधलेल्या भिंतीत गिट्टी थांबतच नाही. तिथे आधी लाकडी फळी चार ठिकाणी नीट धरून मग फळीवर ब्रॅकेट.

फुलेवाडीची_सून

मावशी, दादा, किती आभार मानू. रविवारी नवऱ्याला शिडीवर चढवलं. टकटक केल्यावर चार इंचांवर ठणठणीत आवाज आला. मग पेन्सिलने खुणा केल्या, फरशीपासून ८८ इंचांवर.

पण एक घोळ आहे. बाल्कनीच्या दरवाजाशी फरशीपासून खुणेपर्यंत डावीकडे ८८ भरतात आणि उजवीकडे सव्वासत्त्याऐंशी. तीनदा मोजलं. नवरा म्हणतो टेप चुकीची, मी म्हणते फरशी. सुतारकाका कपाटाच्या कामाला आले होते, त्यांनी एक नजर टाकून "सहा सूत उतार आहे" म्हटलं आणि निघून गेले. हे सूत काय प्रकरण आहे?

आणि कापड कुठलं घेऊ? इचलकरंजी इतकी जवळ आहे, तिथे जाऊन स्वस्तात मिळेल का?

इचलकरंजीचा_धोटा

एक इंच म्हणजे आठ सूत. सहा सूत म्हणजे पाऊण इंच. तुमचे सुतारकाका टेप न काढता बरोबर बोलले, त्यांना चहा पाजा.

आता आमच्या गावाचं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून खडखडाट चालू आहे. पण म्हणून इथं येऊन पडद्याचं कापड स्वस्तात मिळेल असं धरू नका. इथल्या मागांवर मुख्यतः धोतर, पॉपलीन, शर्टाचं कापड असा सुती माल निघतो. पडद्याचं जाड, नक्षीचं कापड दुकानांत बरंचसं सुरत आणि पानिपतकडून येतं, कोल्हापुरातही तेच आणि आमच्याकडंही तेच. ते घ्यायला तीस किलोमीटर पावसात येऊ नका. साधं पांढरं सुती अस्तर हवं असेल तर मात्र या, पन्हा आणि वीण हातात घेऊन बघता येईल.

दुकानात तीन गोष्टी विचारा. पन्हा किती, ४८ की ५४. नक्षी किती इंचांनी परत येते, कारण मोठी फुलं असतील तर प्रत्येक पडद्याला तेवढं जास्त कापड लागतं, नाहीतर एका पडद्यावर कमळ डोक्याशी आणि शेजारच्यावर कमरेशी. आणि भाव मीटरचा की वारचा. जुनी माणसं अजून वार बोलतात. वार ३६ इंचाचा, मीटर ३९ आणि वर थोडा. तुम्ही मीटरचा हिशोब केलात आणि त्यानं वारानं मोजून दिलं, तर दहा मीटरमागं जवळजवळ एक मीटर कमी पडतं.

पश्चिमेच्या खिडकीला गडद मरून किंवा निळा घेऊ नका, दोन उन्हाळ्यांत कडा विटतात. घेतलाच तर मागं अस्तर लावा, ऊन अस्तर खाईल.

बक्रम

ओळंबादादा, लिंटेलचं बरं सांगितलं. माझ्या गिऱ्हाइकांचे ब्रॅकेट का पडतात ते आज कळलं, इतकी वर्षं मी सुताराला दोष देत होतो.

सूनबाई, दांडी ८८ वर आली ना? मग आता गंमत बघ. खिडकीचा पडदा जमिनीपासून ३० इंचांवर संपवायचा. ८८ वजा ३० म्हणजे ५८, अधिक वरचे दीड, साडेएकोणसाठ. तयार पडदा ५ फुटी, म्हणजे ६०. बिंदू चौकवाल्या भाऊंना मी मनात नावं ठेवत होतो, पण तिन्ही खिडक्यांना त्यांचंच खरं ठरलं! सासूबाईंना घेऊन जा महाद्वार रोडला. फक्त टेप पर्समध्ये ठेव आणि एक पडदा उलगडून मोज. पाकिटावर ५ फूट लिहिलेलं असतं, आत दोन इंच कमी असू शकतात. रिंगाही मोज, सम आहेत का.

दाराला मात्र तयार चालणार नाही. ७ फुटी म्हणजे ८४, तो फरशीच्या साडेपाच इंच वर लटकेल, परत तीच पँट. ९ फुटी १०८ चा, त्यातनं वीस इंच कापायचे, म्हणजे पैसे देऊन पायपुसणं घ्यायचं. दाराचे शिवूनच घे. उताराला कमी असेल तेच माप धर. सव्वासत्त्याऐंशी, वजा अर्धा, अधिक दीड, तयार उंची सव्वाअठ्ठ्याऐंशी. डावीकडं सव्वा इंच फट दिसेल, दिसू दे. जास्तीचं माप घेतलंस तर उजवीकडं पडदा फरशीवर घासेल आणि दार उघडल्यावर पावसाचं पाणी चोखून घेईल. श्रावणात ओली कड वाळत नाही, काळे ठिपके येतात आणि ते कशानंही जात नाहीत.

कापड कापायला शंभर आणि वर पाव इंच, म्हणजे पडद्याला २.५५ मीटर. २.६ माग. दरवाजा ६६, दांडी ८ आणि ८ धरून ८२, दुप्पट १६४, परत चारच पडदे. १०.४ मीटर. दार रोज ज्या बाजूनं उघडता त्या बाजूला एकच पडदा ठेव, दुसऱ्या बाजूला तीन. मग मधला ब्रॅकेटही मधोमध नको, त्या एक आणि तीनच्या सांध्यावर घ्या. शिलाई नगावर असते, रिंगा आणि बक्रम त्यात धरलेत का ते आधीच विचार. आणि शिवणाऱ्याला घरी बोलवून त्याच्या टेपनं मोजून घ्यायला सांग. मग आखूड झाले तर त्याच्या गळ्यात.

फुलेवाडीची_सून

झालं! तिन्ही खिडक्यांचे पडदे सासूबाईंच्या पसंतीचे, हिरवट पोपटी, महाद्वार रोडवरचे. मी खरंच दुकानात टेप काढली. दुकानदार म्हणाला, "ताई, एवढं तर पोलीसपण मोजत नाहीत." दोन पाकिटांतले पडदे ५८ भरले, बदलून घेतले. एकात सात रिंगा निघाल्या, तोही परत.

दाराचे शिवून आले. शिवणारे काका घरी येऊन स्वतः मोजून गेले आणि वहीत ८८ लिहिलं. मी सव्वा म्हटलं तर म्हणाले, "पाव इंचानं काय होतंय?" काही झालं नाही खरंच. उजवीकडे आता बोटभर फट आहे, डावीकडे दोन बोटं, आणि ती सोफ्यामागे जाते.

कपाटाच्या खिडकीचे तिन्ही पडदे उजवीकडे सरकतात, नवरा अजून रोज सकाळी एकदा डावीकडे ओढून बघतो. नारायणपेठ धुऊन घडी करून ठेवली. चिमट्यांचे चार डाग पडलेत, पदर आत खोचला की दिसणार नाहीत.

मावशी, कापडातला हातभर तुकडा उरला आहे. त्याचे पडदे बांधायचे पट्टे होतील का?

बक्रम

होतील की. प्रत्येकी चार इंच रुंद, वीस लांब, आत बक्रम घाल. दोन तरी निघतील.

फुलेवाडीची_सून

आत्ता आत जाऊन बघितलं. सासूबाईंनी त्याचं मिक्सरला झाकण शिवलंय.